ग्लेझच्या बादलीआधी: हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांची तयारी

भट्टी उघडली की कपाच्या पोटावर अंगठ्याएवढा उघडा ठिपका दिसतो आणि त्याच्या भोवती ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा थर देणारा लेप, गोळा होऊन जाड कड झालेली असते. पहिला संशय ग्लेझवर जातो, दुसरा भट्टीवर. खरं कारण बहुतेक वेळा आधीच घडून गेलेलं असतं. भांडं उचलताना बोटांना खोबरेल तेल लागलेलं होतं, किंवा बिस्कवरची, म्हणजे ग्लेझआधी एकदा भाजून घेतलेल्या भांड्यावरची, धूळ पुसायची राहिली होती. ग्लेझिंगचं निम्मं काम ग्लेझच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी झालेलं असतं. ते कच्चं राहिलं असेल, तर कितीही महागडं ग्लेझ घ्या, ते उघडं पडतंच.

खालची मापं चिमटीने, वळ्या लावून किंवा स्लॅब (लाटलेली सपाट माती) कापून केलेल्या भांड्यांसाठी आहेत. भिंत ४ ते ७ मिलिमीटर, माती स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी), शेवटची भाजणी १,२२० ते १,२४० अंश सेल्सिअसची असं धरलं आहे. क्राफ्टच्या दुकानात ‘एअर-ड्राय क्ले’ नावाने मिळणाऱ्या पाकिटाला यातलं काहीच लागू नाही. त्यात कागदाचा लगदा आणि चिकट द्रव्यं असतात. ते भट्टीत टिकत नाही आणि त्यावर ग्लेझ चढत नाही.

माती ओलसर असतानाच करायची कामं

भांडं चामड्यासारखं कडक झालं, म्हणजे उचलल्यावर आकार धरतं पण नखाची खूण उमटते, त्या अवस्थेला स्टुडिओत लेदर-हार्ड म्हणतात. काठ, बूड आणि सांधे याच वेळी आवरून घ्यावेत. नंतर वाळलेल्या मातीवर हेच काम करायला तिप्पट वेळ लागतो आणि वर नाकातोंडात धूळ जाते.

काठ धारदार ठेवू नका. वितळलेलं ग्लेझ धारेवरून मागे सरकतं, तिथला थर पातळ होतो आणि ओठाला खरखरीत लागतो. जुन्या प्लॅस्टिकच्या पिशवीची दोन बोटं रुंद पट्टी कापा, पाण्यात बुडवा, काठावर घोड्यावर बसल्यासारखी दोन्ही बाजूंना टाका आणि हलक्या चिमटीत धरून दोन-तीन फेरे फिरवा. काठ गोल होतो आणि दाबलाही जातो, त्यामुळे पुढे तडकण्याची शक्यता कमी होते.

बुडाच्या कडेला सुरीने २ ते ३ मिलिमीटरची तिरकी कड काढा. भांडं भट्टीतल्या शेल्फवर टेकतं तिथे या कडेमुळे बारीक सावलीची रेघ पडते. बुडाला ग्लेझ लागू नये म्हणून पुढे मेण लावायला सरळ हद्द मिळते आणि ओघळलेलं ग्लेझ शेल्फपर्यंत पोचण्याआधी थांबायला जागा मिळते. दोन मिनिटांचं हे काम शेल्फवर चिकटून फुटणारी कितीतरी भांडी वाचवतं.

नक्षी किंवा नाव कोरायचं असेल तर किमान १ मिलिमीटर खोल जाऊ द्या, नाहीतर ग्लेझ खाच भरून टाकतं. कोरताना कडेला उठलेले कण त्याच क्षणी पुसायला जाऊ नका. ओल्यात पुसले की ते खाचेत चिकटतात. माती जरा कोरडी झाली की मऊ ब्रशने झटका. हे कण राहिले तर भाजल्यावर सुईसारखे टोचतात आणि वर ग्लेझ चढलं की अक्षरशः काच होतात.

ज्या मातीत ग्रॉग, म्हणजे भाजून कुटलेल्या मातीचा रवा असतो, ती ओल्या स्पंजने पुसत बसू नका. पुसल्यावर बारीक माती धुऊन जाते, रवा वर येतो आणि गुळगुळीत करायला गेलेलं भांडं पॉलिश पेपरसारखं होतं. अशा भांड्यावर चमच्याची पाठ फिरवून रवा आत दाबायचा. पण चमच्यानेही चमक येईपर्यंत घासू नका. घोटून चकाकी आणलेला पृष्ठभाग पाणी कमी शोषतो आणि ग्लेझ त्यावरून निसटतं. घोटाई शोभते ती ग्लेझ न करायच्या भांड्यांना.

वाळवण: हवामान बघून

कान, तोटी, वळ्यांचे सांधे हे सगळे भाग वेगवेगळ्या वेगाने वाळतात. कपाचा कान बारीक, तो आधी आकसतो. भिंत जाड, ती मागे राहते. आणि सांध्यावर चीर पडते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सगळं भांडं वर्तमानपत्रात सैल गुंडाळून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी टाका. कानावर आणि काठावर पिशवीची एक जादा पट्टी ठेवा. रोज पिशवी उलटी करून आतले थेंब झटका. चौथ्या दिवसापासून पिशवी थोडी थोडी उघडी ठेवा.

भांडं थेट प्लायवुडवर किंवा लादीवर टेकवू नका. खाली कागदाचे दोन थर घाला, म्हणजे आकसताना बूड सरकू शकेल. बूड जागच्या जागी अडकलं की मध्ये चीर गेलीच म्हणून समजा. पसरट ताटलीला दोन दिवसांनी उलटं करून वाळवणं चांगलं.

वऱ्हाडात, खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की उघडं ठेवलेलं भांडं काठाकडून दुपारभरात तडकतं. तिथे पिशवी हा मुख्य उपाय, आणि पंख्याचा झोत तर नकोच. मुंबईत आणि कोकणात जुलैमध्ये बरोब्बर उलटी पंचाईत होते. हिवाळ्यात आठवडाभरात वाळणारं भांडं तिथे दोन-तीन आठवडे घेतं आणि वरून पांढरं दिसलं तरी आत ओल असते.

ओल ओळखायची एक जुनी खूण आहे. भांड्याचं बूड गालाला लावा. गार लागलं तर पाणी अजून उडतं आहे. त्याहून खात्रीची पद्धत म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. रोज एकाच वेळी वजन करा आणि कागदावर मांडा. लागोपाठ दोन दिवस वजन एका ग्रॅमनेही उतरलं नाही की भांडं त्या हवेत वाळायचं तेवढं वाळलं. पावसाळ्यात यानंतरही मातीत हवेइतकी ओल राहतेच. ती भट्टीतच काढावी लागते.

वाळलेलं भांडं घासायची वेळ आलीच, तर कोरडा पॉलिश पेपर वापरू नका. मातीतला सिलिकाचा भुगा फुफ्फुसात साठत जातो आणि सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही. भांडी घासायच्या हिरव्या घासणीचा तुकडा ओला करून, पिळून वापरा. कोरडं घासणं टळतच नसेल, तर घराबाहेर आणि एन-९५ मास्क लावून. जमीन झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

बिस्क: पहिली भाजणी

बिस्क भाजणीचा हेतू असा की भांडं पाण्यात विरघळणार नाही इतकं पक्कं व्हावं, पण ग्लेझमधलं पाणी ओढून घेण्याइतकं सच्छिद्र राहावं. स्टोनवेअरसाठी १,००० ते १,०६० अंश हा पट्टा त्यासाठी योग्य. शंकूंच्या, म्हणजे भट्टीत ठेवलेल्या आणि ठरावीक उष्णतेला वाकणाऱ्या छोट्या सुळक्यांच्या, भाषेत कोन ०६ ते ०४.

हाताने घडवलेल्या, कमी-जास्त जाडीच्या भांड्यांना विजेच्या भट्टीत हे वेळापत्रक मानवतं:

- ९० अंशांपर्यंत तासाला ५० अंश, मग तिथेच २ तास थांबा. पावसाळ्यात किंवा भिंत ८ मिलिमीटरच्या वर असेल तर ४ ते ६ तास. झरोका उघडा.
- ९० ते ६०० अंश, तासाला ८० अंश. झरोका उघडाच.
- ६०० ते १,००० अंश, तासाला १२० अंश. ९०० अंशांनंतर झरोका बंद.
- १,००० अंशांवर १५ मिनिटं थांबा आणि भट्टी बंद करा.

एकूण १३ तासांच्या आसपास. निवण्यात आणखी निदान १२ तास जातात. १०० अंशांच्या आत आल्याशिवाय झाकण उघडू नये.

पहिला थांबा सर्वांत महत्त्वाचा, आणि घाईत तोच वगळला जातो. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,६०० पट जागा मागतं. भिंतीत ओल असताना १०० अंश ओलांडले की भांडं फुटतं आणि त्याचे तुकडे शेजारच्या भांड्यांत जाऊन बसतात. थांब्याच्या शेवटी झरोक्यासमोर गार आरसा किंवा स्टीलची ताटली क्षणभर धरा. वाफ जमली तर अजून थांबा. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघतं. ५७३ अंशांवर क्वार्ट्झचे कण एकदम किंचित फुगतात आणि निवताना त्याच अंशावर तितकेच आकसतात. भट्टी अर्धवट गरम असताना उघडली की ताटलीला आरपार चीर जाते ती यामुळे. ७०० ते ९०० अंशांत मातीतला सेंद्रिय अंश जळतो. त्याला हवा आणि वेळ मिळाला नाही, तर उरलेला वायू दुसऱ्या भाजणीत वितळलेल्या ग्लेझमधून बाहेर पडतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं ठेवून जातो. त्या भोकांसाठी ग्लेझ बदलत बसणारे पुष्कळ असतात. खरं तर वेळापत्रकाचा तिसरा टप्पा सावकाश करायला हवा.

बिस्कमध्ये भांडी एकमेकांना टेकली, एकात एक ठेवली तरी चालतात, वजन मात्र काठावर येऊ देऊ नका. झाकणं त्यांच्या भांड्यांवरच बसवून भाजा. वेगळी भाजली की दोन्ही आपापल्या दिशेने वाकतात आणि मग झाकण बसत नाही.

लाल मातीचं, बाजारातून आणलेलं भांडं

कुंभाराकडून आणलेल्या पणत्या किंवा कुंड्या ग्लेझ करता येतील का, हा प्रश्न दर दिवाळीला येतो. करता येतात, पण त्या पारंपरिक आव्यात बहुधा ७०० ते ९०० अंशांत भाजलेल्या असतात. आधी त्या स्वच्छ करून, पूर्ण वाळवून पुन्हा १,००० अंशांपर्यंत भाजा आणि मग १,००० ते १,०६० अंशांवर वितळणारं, शिसं नसलेलं मातकामाचं ग्लेझ लावा. अशा मातीवर स्टोनवेअरचं ग्लेझ लावून १,२२० अंशांना नेलं, तर बहुतेक लाल माती फुगते, वाकते किंवा वितळून शेल्फला चिकटते. पाण्याच्या माठाला मात्र हात लावू नका. तो पाझरतो म्हणून पाणी गार होतं. ग्लेझने छिद्रं बुजली की तो एक जड डबा उरतो.

शेतातली काळी माती गाळून वापरणाऱ्यांना आणखी एक धोका सांभाळावा लागतो. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. ते भट्टीत कळीचा चुना होतात, नंतर हवेतली ओल पितात आणि फुगतात. भाजल्यावर काही दिवसांनी भांड्यावरून नाण्याएवढी खपली उडते आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. माती पातळ करून ६० ते ८० मेशच्या (इंचाला तितकी भोकं असलेल्या) चाळणीतून गाळणं हाच भरवशाचा उपाय. अशी शंका असलेलं बिस्क ग्लेझ करण्याआधी दोन आठवडे उघड्यावर ठेवून बघा.

बिस्क तपासणं

बोटाच्या पेराने भांडं वाजवा. अखंड भांडं टण्ण वाजतं, चीर गेलेलं भद्द. आवाज संशयास्पद वाटला तर ओला ब्रश फिरवा. पृष्ठभाग लगेच सुकतो, पण चिरेत पाणी रेंगाळतं आणि केसासारखी काळी रेघ उठून दिसते. कानाच्या सांध्याला ही तपासणी चुकवू नका. ग्लेझ चीर भरून काढत नाही. दोन्ही कडांकडे ओढलं जाऊन ते तिला आणखी रुंद करतं. चिरलेला कप ग्लेझ करू नये, त्यावर रंगांच्या चाचण्या कराव्यात.

मग शोषण. पृष्ठभागावर पाण्याचा एक थेंब सोडा. एक-दोन सेकंदांत जिरला तर ठीक. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर दोन शक्यता: तिथे तेल किंवा मेण आहे, किंवा बिस्क जास्त भाजलं गेलं. एकाच जागी असं झालं तर पहिलं, सगळीकडे झालं तर दुसरं. आकडा हवा असेल तर कोरडं भांडं तोला, तासभर पाण्यात बुडवा, वरचं पाणी फडक्याने टिपून परत तोला. ३०० ग्रॅमचं भांडं ३३६ ग्रॅम झालं तर शोषण १२ टक्के. १० ते १५ टक्क्यांच्या आत काम सोपं जातं. तपासलेलं भांडं दोन दिवस वाळवल्याशिवाय ग्लेझला घेऊ नका.

बिस्क जास्त भाजलं गेलं असेल तर ते फेकण्याची गरज नाही. ओव्हनमध्ये ७० अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच ग्लेझमध्ये बुडवा. पाणी लवकर उडतं आणि थर धरतो. किंवा ग्लेझच्या कोरड्या भुकटीच्या अर्धा टक्का सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला) गोंद आदल्या दिवशी पाण्यात भिजवून मिसळा.

टोचणारे कण उरले असतील तर सुरीला धार लावायच्या कार्बोरंडमच्या दगडाने, तो ओला करून घासा. दगड जवळ नसेल तर फुटलेल्या बिस्कची खापरीही हे काम करते.

धूळ आणि बोटं

बिस्क भट्टीतून निघाल्यावर लगेच ग्लेझ करणं उत्तम. महिनाभर उघड्या फळीवर राहिलं की त्यावर धुळीचा थर बसतो. ग्लेझ मग भांड्याला न धरता धुळीला धरतं, वाळताना बारीक भेगा पडतात आणि वितळताना त्या भेगा रुंदावून ग्लेझ गोळा होतं. सुरुवातीला सांगितलेला ठिपका बहुतेकदा असाच तयार होतो.

पुसायचं कसं? दोन बादल्या घ्या. स्पंज पहिलीत धुवा, दुसरीत बुडवून घट्ट पिळा आणि भांडं वरून खाली एकदाच पुसा. आतला कोपरा, कानाखालची बगल आणि कोरीव खाचा या तीन जागा हमखास सुटतात. तिथे ओला ब्रश घाला. पाणी गढूळलं की बदला, नाहीतर धूळ नुसती फिरत राहते. नळाखाली धरून धुतलं तरी चालतं, पण मग भांडं किमान २४ तास वाळवा. पाण्याने भरलेली भिंत ग्लेझ ओढत नाही आणि थर पातळ बसतो.

यापुढे भांड्याला काठ आणि बूड धरूनच उचला. डोक्याला लावलेलं तेल, हाताचं क्रीम, सनस्क्रीन, नुकत्याच खाल्लेल्या वड्याचा तेलकटपणा हे सगळं बिस्कमध्ये क्षणात शिरतं आणि साबणाने निघत नाही. पातळ रबरी हातमोजे घातले तर प्रश्न मिटतो, मात्र पावडर नसलेले घ्या. डाग पडलाच तर भांडं पुन्हा बिस्कच्या भट्टीत टाका. तेल जळून जातं.

खुणा करायच्या तर पेन्सिलीने करा, त्या भट्टीत जळतात. मार्करची शाई कधी कधी डाग ठेवते.

मेण

बुडाला ग्लेझ लागू नये म्हणून पाण्यात मिसळणारं मेणाचं इमल्शन वापरा. मेणबत्ती वितळवूनही काम होतं, पण उघड्या आचेवर तापलेलं मेण पेट घेतं. तोच मार्ग धरायचा असेल तर पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा आणि समोरून हलू नका.

इमल्शन पांढुरकं असतं, वाळल्यावर दिसत नाही. त्यात खायच्या रंगाचा एक थेंब टाका, कुठे लागलं ते कळतं आणि रंग भट्टीत जळतो. ब्रश आधी भांड्यांच्या साबणात बुडवून पिळा, म्हणजे मेण केसांत गोठणार नाही. भांडं फिरत्या चकतीवर उलटं, अगदी मध्यावर ठेवा, ब्रश स्थिर धरा आणि चकती फिरवा. न ओघळणाऱ्या ग्लेझसाठी टेकणाऱ्या भागापासून ३ मिलिमीटर वर थांबा. ओघळणारं किंवा दोन ग्लेझ एकावर एक असतील तर ८ ते १० मिलिमीटर. तासभर वाळू द्या.

झाकणाच्या बाबतीत, झाकण आणि भांडं जिथे एकमेकांना टेकतात त्या दोन्ही कडांना मेण लागतं. पाव कप मेणात एक छोटा चमचा ॲल्युमिना हायड्रेट (भट्टीत न वितळणारी पांढरी भुकटी) मिसळलं तर कडा एकमेकींना चिकटत नाहीत.

मेणाचा थेंब भलत्या जागी पडला तर खरवडून काही साधत नाही, ते आत शिरलेलं असतं. भांडं पुन्हा बिस्कच्या भट्टीत घालून मेण जाळावं लागतं. म्हणून मेण लावायचं टेबल ग्लेझच्या टेबलापासून वेगळं ठेवा.

बादलीतलं ग्लेझ आणि भट्टीत जाण्याआधीची नजर

घरी तयार करत असाल तर १ किलो कोरड्या भुकटीला ९०० मिलिलिटर ते १ लिटर पाणी. भुकटी पाण्यात टाका, पाणी भुकटीत नव्हे. रात्रभर भिजू द्या, सकाळी रवीने घुसळा आणि ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. घट्टपणा डोळ्यांनी ठरवू नका. औषधांच्या दुकानातून ५० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज आणा, काट्यावर ठेवून शून्य करा, बुडबुडा न येऊ देता ५० मिलिलिटर ग्लेझ ओढा आणि तोला. ७२ ते ७५ ग्रॅम भरलं तर बुडवायला योग्य. ७० च्या खाली असेल तर रात्रभर स्थिर ठेवून वरचं पाणी काढा.

त्याच मातीची, त्याच भट्टीत बिस्क केलेली एक पट्टी आधी बुडवा, २ ते ३ सेकंद. वाळल्यावर टाचणीने ओरखडा काढा. थर एक मिलिमीटरच्या जवळपास दिसायला हवा. मग आतली बाजू: अर्धं भांडं भरा, फिरवा, ओता. पातळ भिंत आतून भिजली की बाहेरून ग्लेझ धरत नाही, म्हणून बाहेरची बाजू काही तासांनी. लोणचं, ताक, चिंचेचं सार ज्यात जाणार त्या भांड्याच्या आत घरगुती प्रयोगातलं रंगीत ग्लेझ नको. आंबटाने त्यातले धातू सुटू शकतात.

मेण लावलेल्या बुडावरही ग्लेझचे थेंब राहतात. ओल्या स्पंजवर बूड टेकवून फिरवा, मग नखाने तिरक्या कडेवरून एक फेरा मारा. नखाला पांढरं लागलं तर परत पुसा. शेल्फवर ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समसमान घेऊन केलेला लेप असू द्या, आणि या भाजणीत दोन भांड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा.